माहितीपट वस्तीत दाखवायचा तर: जागा, पडदा, आवाज आणि नंतरची चर्चा

पुण्यात पर्यावरणावरचे माहितीपट कमी दाखवले जात नाहीत. महोत्सव होतात, कॉलेजांत खेळ होतात, लॉ कॉलेज रस्त्यावर तर फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दोन्ही आहेत. पण तिथे येणारा माणूस बहुतेक वेळा आधीपासूनच नदीच्या आणि झाडांच्या बाजूचा असतो. आंबिल ओढ्याच्या भिंतीला लागून राहणारं कुटुंब, ओला-सुका कचरा वेगळा करून घेताना मेटाकुटीला आलेला सोसायटीचा सेक्रेटरी, रोज पहाटे वेताळ टेकडी चढणारे आजोबा, दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ताई या खेळांना येत नाहीत. त्यांच्यापर्यंत फिल्म न्यायची असेल तर ती त्यांच्या पार्किंगमध्ये, समाजमंदिरात, विरंगुळा केंद्रात न्यावी लागते.

पुढची सगळी मापं साठ ते ऐंशी प्रेक्षक, आठ फूट रुंद चित्र आणि एक संध्याकाळ एवढं गृहीत धरून दिली आहेत. पहिल्या खेळाला याहून मोठं काही करू नये. पाचशे लोकांच्या मैदानी कार्यक्रमात फिल्म दिसते, पण कुणी कुणाशी बोलत नाही. आणि असा खेळ आपण करतो तो मुळात लोकांनी बोलावं म्हणून.

आधी प्रश्न ठरवा, मग फिल्म शोधा

बहुतेक मंडळी उलटं करतात. एखादी फिल्म आवडते आणि ती दाखवायची ठरते. फिल्म चांगली असते, पण ती कुठल्या तरी दूरच्या जंगलाची असते, आणि समोर बसलेल्यांना प्रश्न असतो दारातल्या नाल्याचा. म्हणून आपल्या भागाचा एकच विषय आधी ठरवा. सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या पट्ट्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पूर कुणी विसरलेलं नाही, तिथे ओढे आणि पावसाचं पाणी हा विषय. कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला टेकड्या. हडपसर, फुरसुंगी, उरुळी देवाची या भागात कचरा, कारण शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथेच जाऊन पडला. सिंहगड रस्त्यावर पिण्याचं पाणी आणि नदी दोन्ही चालतील.

विषय ठरला की फिल्म निवडताना तीन गोष्टी पाहा. पहिली, लांबी. पंचवीस ते चाळीस मिनिटं उत्तम. नव्वद मिनिटांची फिल्म लावली तर लोक ती संपताच उठतात, चर्चेला आठ-दहा जण उरतात. मोठी फिल्म फारच आवडली असेल तर दिग्दर्शकाला तिची छोटी आवृत्ती आहे का ते विचारा, अनेकांकडे असते. स्वतः कात्री लावू नका. दुसरी गोष्ट, फिल्म कोणत्या वर्षीची आहे. दहा वर्षांपूर्वीची आकडेवारी आजची म्हणून दाखवली आणि प्रेक्षकांत एखादे निवृत्त अभियंते बसलेले असले (पुण्यात असतातच), तर पुढची चर्चा त्या आकड्यावरच अडकते. फिल्ममधले चार-पाच महत्त्वाचे आकडे तपासून एका कागदावर लिहून ठेवा. तिसरी, शेवट. शेवटची दहा मिनिटं नुसता हाहाकार दाखवणारी फिल्म माणसाला गप्प करते. जिच्यात कुणीतरी काहीतरी करून पाहतंय, मग ते फसलं तरी चालेल, तिच्यानंतर लोक बोलतात.

फिल्मची परवानगी

यूट्यूबवर फिल्म फुकट दिसते, म्हणून ती चौकात दाखवायला मोकळी होत नाही. ते माध्यम वैयक्तिक पाहण्यासाठी आहे, सामूहिक खेळासाठी फिल्मच्या हक्कधारकाची परवानगी लागते. तिकीट नसलं तरी लागते, सोसायटीपुरता खेळ असला तरी मागावी. स्वतंत्रपणे काम करणारे दिग्दर्शक बहुधा आनंदाने देतात, कधी थोडं मानधन मागतात, आणि ते द्यावं. पत्रात तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षकसंख्या, प्रवेश मोफत आहे की नाही, फिल्म कोणत्या भाषेत दाखवणार आणि कार्यक्रमानंतर फाइलचं काय करणार हे स्पष्ट लिहा. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरचा होकार पुरेसा नाही. यासाठी किमान तीन आठवडे हाताशी ठेवा.

त्याच पत्रात सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का हेही विचारा. सार्वजनिक प्रदर्शनाला ते माहितीपटालाही लागतं, आणि स्वतंत्र फिल्म्सकडे ते अनेकदा नसतं. नसेल तर ती फिल्म उघड्या चौकात लावू नका, दुसरी शोधा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापराला आधीच मोकळीक दिलेली) फिल्म असेल तर परवान्याचा प्रकार वाचा. ‘नो डेरिव्हेटिव्ज’ (बदल करायला मनाई) अशी अट असेल तर मराठी उपशीर्षकं घालण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. सरकारी माहितीपट बनवणारं फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे, त्यामुळे तिथल्या जुन्या माहितीपटांसाठी पत्र महामंडळाला लिहायचं.

जागा, तारीख आणि पोलिस चौकी

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर स्थानिक पोलिस ठाण्याची लेखी परवानगी लागते. आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या, सोबत जागामालकाचं नाहरकत पत्र जोडा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, त्यामुळे जागा ठरवण्याआधी आजूबाजूला काय आहे ते पाहा. पालिकेची शाळा किंवा समाजमंदिर हवं असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करावा लागतो, त्याला वेळ जातो. बंद जागा मिळाली तर निम्मी डोकेदुखी वाचते, हे मात्र खरं.

शंभरहून जास्त माणसं जमणार असतील तर घनकचरा नियमांतली एक अट लक्षात ठेवा: कार्यक्रमाच्या जागेला तसा परवाना नसेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि तिथला कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकांनी घ्यायची. पर्यावरणाच्या कार्यक्रमाने तरी हे पाळलंच पाहिजे.

उघड्यावरच्या खेळाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पस्तीस-चाळीस मिनिटांत पुरेसा अंधार होतो आणि पावणेसातला फिल्म सुरू करता येते. मे अखेरीस सूर्यास्तच सातनंतर होतो, म्हणजे पावणेआठशिवाय सुरुवात नाही आणि चर्चा पाहता पाहता दहाच्या मर्यादेला भिडते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पश्चिमेचा वाराही जोरात असतो, गच्चीवरचा पडदा तेव्हा शिडासारखा फुगतो. पावसाळ्यात फक्त बंद जागा.

शनिवार-रविवार सोयीचे. गुरुवार टाळा, कारण महावितरणची देखभालीची कामं आणि पालिकेचा पाणीबंद बहुधा त्याच दिवशी येतो. संकष्टी टाळा, घराघरांत चंद्रोदयाची वाट पाहणं चालू असतं. दहावी-बारावीच्या परीक्षांचे आठवडेही सोडा, नाहीतर आवाजाची पहिली तक्रार शेजारच्या इमारतीतूनच येईल आणि ती योग्यच असेल.

पडदा आणि बसण्याची मापं

भाड्याचा ८ बाय ६ फुटी पडदा मिळतो. नाहीतर मांजरपाट चांगलं. दोन पन्हे जोडायचे झाले तर शिवण आडवी येऊ द्या आणि ती चित्राच्या मधोमध येणार नाही असं पाहा. मागून काळं कापड लावणं आवश्यक आहे, नाहीतर प्रकाश आरपार जातो आणि चित्र फिकट पडतं. सपाट भिंत असेल तर मॅट पांढरा डिस्टेंपर पुरतो, ऑइलपेंटची भिंत चमकते. फ्लेक्सच्या पाठीवर दाखवणं सोपं असतं, पण त्यावर मधोमध प्रकाशाचा ठिपका दिसतो, आणि कार्यक्रमानंतर त्या प्लास्टिकचं करायचं काय हा प्रश्न आपल्यालाच विचारला जातो.

पडदा मांडववाल्याकडून वाशांची चौकट करून ताणून बसवा. चारही कडांना दर दीड फुटावर बांधा आणि बांधण्यासाठी नुसती सुतळी न वापरता जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या वापरा. वाऱ्याचा झोत आला की ट्यूब ताण देते, सुतळी कापड फाडते. चौकटीच्या पायांवर वाळूची पोती हवीतच.

आता सगळ्यात जास्त चुकणारं माप: चित्राची खालची कड जमिनीपासून किती उंच? सतरंजीवर बसणार असतील तर किमान चार फूट, खुर्च्या असतील तर पाच. उपशीर्षकं चित्राच्या तळाशी येतात, आणि पडदा खाली लावला तर तिसऱ्या रांगेपासून पुढच्याच्या डोक्यामागे नेमकं तेच झाकलं जातं.

आठ फूट रुंद चित्राला पहिली रांग पडद्यापासून बारा फुटांवर आणि शेवटची साधारण तीस फुटांवर ठेवा. त्यापलीकडून अक्षरं वाचता येत नाहीत. या जागेत सतरंजीवर साठ-पासष्ट माणसं बसतात, खुर्च्यांवर पन्नासच्या आसपास. दोन्ही मिसळा: पुढे सतरंज्यांवर मुलं आणि तरुण, मागे खुर्च्यांवर ज्येष्ठ, कडेला उभे राहणारे. मधे तीन फुटांची वाट मोकळी ठेवा, कारण प्रोजेक्टर त्याच वाटेत येणार आहे.

पडद्याच्या समोरच्या बाजूला रस्त्यावरचा दिवा असेल तर चित्र धुऊन जातं. दिवा पडद्याच्या पाठीमागे येईल अशी मांडणी करा. पार्किंगमधले दिवे बंद करण्याचं बटण कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे असते हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. बऱ्याच सोसायट्यांत ते टायमरवर असतात आणि नेमके सात वाजता आपोआप लागतात.

प्रोजेक्टर

अंधार झाल्यावर आठ फुटी चित्राला ३,००० ते ३,५०० ल्यूमेन (उजेडाचं माप) पुरतात, मात्र ते ‘एएनएसआय’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले ल्यूमेन असले पाहिजेत. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर छापलेले आठ-दहा हजार हे वेगळ्याच मापाचे असतात, त्यांवर विसंबू नका. बारा फूट रुंद चित्र हवं असेल तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे तेवढ्याच उजेडाला पावणेसात ते पावणेआठ हजार ल्यूमेन लागतील. म्हणूनच आठ फुटांवर थांबलेलं बरं.

भाड्याने देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. एक, थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) किती? १.५ असेल तर आठ फुटी चित्रासाठी प्रोजेक्टर बारा फुटांवर ठेवावा लागतो. दोन, चित्राचा आकार ४:३ की १६:९? ऑफिसांतले जुने प्रोजेक्टर ४:३ असतात. त्यांवर आजची फिल्म लावली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, एक चतुर्थांश उजेड तिथेच वाया जातो. प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यरेषेवर ठेवा. तिरका ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी करता येतं खरं, पण त्यात उजेड आणि अक्षरांची धार दोन्ही जातात. घरातलं टेबल आणि त्याखाली चार विटा ही सोय कोणत्याही स्टँडपेक्षा स्थिर असते.

एचडीएमआयची साधी केबल दहा मीटरपर्यंत नीट चालते. त्यापुढे चित्र लुकलुकतं किंवा येतच नाही. त्यामुळे लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि लांब केबल आवाजासाठी वापरा. नदीकाठी मच्छरांसाठी धूर करणार असाल तर तो प्रोजेक्टरपासून दूर. झोतात धूर आला की पडद्याऐवजी हवाच उजळते.

आवाज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चित्र थोडं फिकट असलं तरी लोक बसतात. बोललेलं कळलं नाही तर पंधरा मिनिटांत चुळबूळ आणि मग गप्पा. माहितीपटात माणसं बोलत असतात, तीही घरात, शेतात, वाऱ्यात, स्टुडिओत नव्हे. मिरवणुकीसाठी लावलेला साउंडवाल्याचा सेट या कामाला जसाच्या तसा चालत नाही. त्यात खर्ज वाढवलेला असतो आणि खर्जात शब्द बुडतात. ‘सब’ (खर्जाचा वेगळा स्पीकर) बंद ठेवायला सांगा, मिक्सरवर ‘लो’ची कळ मधल्या खुणेपासून थोडी मागे घ्या.

दहा किंवा बारा इंची दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर पुरतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर, पुढच्यांच्या डोक्यावरून आवाज जाईल इतके उंच, म्हणजे तळ साधारण पाच-सहा फुटांवर. तोंड शेवटच्या दोन-तीन रांगांकडे वळवलेलं. पहिल्या रांगेसमोर जमिनीवर ठेवले तर पुढचे कान झाकतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही.

एक बिघाड नीट समजून घ्या, कारण तो झाला की अनुभवी साउंडवालेही गोंधळतात. फिल्म सुरू होते, संगीत ऐकू येतं, पक्षी ऐकू येतात, आणि माणूस तोंड हलवतो पण शब्द येत नाहीत. फाइल खराब आहे असं वाटतं. दोष केबलचा असतो. लॅपटॉपचा स्टीरिओ जॅक थेट मिक्सरच्या माइकच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेला की ते इनपुट डाव्यातून उजवा वजा करतं. निवेदन आणि मुलाखती दोन्ही बाजूंना सारख्याच नोंदलेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींना खोडून काढतात आणि जे डाव्या-उजव्यात वेगळं आहे तेवढंच उरतं. उपाय साधा आहे: ३.५ मिलिमीटरच्या एका जॅकमधून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी केबल घ्या आणि दोन वेगळ्या लाइन इनपुटना लावा. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात अशा केबली सहज मिळतात. दोन घ्या, एक जादा राहू द्या.

सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे. चांगली बॅटरी असेल तर तीस मिनिटांची फिल्म चार्जरशिवाय चालवा, नाहीतर साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायचा, हा लूप तोडणारा छोटा डबा) मागवा. प्लगची अर्थिंगची पिन तोडून हा आवाज घालवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतू शकते, करू देऊ नका.

ब्लूटूथ स्पीकर नको. त्यात आवाज किंचित मागे पडतो आणि ओठ पुढे धावतात. दुसऱ्या एखाद्या कारणाने तसं झालंच तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी मागेपुढे करता येतो.

चाचणी घेताना सगळ्यात मोठ्या आवाजाचा प्रसंग लावू नका. सगळ्यात हळू बोलणारी व्यक्ती जिथे आहे तो तुकडा लावा, पंखे चालू करा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा. सत्तरीच्या एखाद्या काकूंना शेजारी बसवा. त्यांना वाक्य परत सांगता आलं, तर आवाज बरोबर आहे. माणसं बसल्यावर आवाज शोषला जातो, म्हणून कार्यक्रमात तो किंचित वाढवावा लागेल.

फाइल आणि मराठी अक्षरं

दिग्दर्शकाकडून १०८० पी, एच.२६४, एमपी४ आणि स्टीरिओ आवाजाची फाइल मागा. ५.१ (सहा चॅनलच्या) आवाजाची फाइल दोन स्पीकरवर लावली की संवादाचा मधला चॅनल हरवू शकतो. फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या, इंटरनेटवरून थेट दाखवू नका. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. जुना पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही. तो ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करा. प्रोजेक्टरच्या स्वतःच्या यूएसबी प्लेअरवर भरवसा ठेवू नका, तो कधी आवाज वाजवत नाही, कधी उपशीर्षकं दाखवत नाही. आणि फिल्म एकदा पूर्ण, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने पाहा. पहिली पाच मिनिटं चालली म्हणजे सगळी चालली असं होत नाही.

फिल्म इंग्रजी किंवा हिंदीत असेल तर परवानगी घेऊन मराठी उपशीर्षकं करा. एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांपर्यंत, आणि पडद्यावर किमान दीड-दोन सेकंद. शब्द बोलीतले घ्या. ‘मलजल’ नको, ‘सांडपाणी’. ‘अतिक्रमित प्रवाहमार्ग’ नको, ‘ओढ्यात घातलेली भर’. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची पद्धत) मध्ये जतन करा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात. काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘प्रकल्प’, ‘शुद्धीकरण’ असे शब्द लावून तपासा. फुटत असतील तर हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने अक्षरं चित्रातच कायमची बसवून घ्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर ती तशीच दिसतील.

वस्तीत, जिथे बरेच ज्येष्ठ आहेत किंवा वाचनाचा सराव कमी आहे, तिथे उपशीर्षकांपेक्षा माणूस बरा. एकाने आधी फिल्म तीनदा पाहावी, टिपणं काढावीत आणि माइकवर, विरामांच्या जागी, थोडक्यात मराठीत सांगत जावं. मूळ आवाज तेवढ्यापुरता कमी करायला दुसरा माणूस मिक्सरवर हवा. हे नीट जमलं की लोक फिल्मशी जास्त जोडले जातात, छापील अक्षरांनी तेवढं होत नाही.

वीज

प्रोजेक्टर, दोन स्पीकर, मिक्सर आणि लॅपटॉप मिळून भार सहसा १,००० वॉटच्या आत राहतो. एक चांगला १५ अँपियरचा पॉइंट पुरतो, पण एक्स्टेन्शन बोर्डाची वायर जाड, किमान १.५ चौरस मिलिमीटरची हवी, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. गवतावर, ओल्या फरशीवर बोर्ड विटेवर ठेवा. चालण्याच्या वाटेवरची वायर चिकटपट्टीने जमिनीला बसवा. वीज गेली तर दिव्याच्या प्रोजेक्टरला थंड होईपर्यंत परत चालू करता येत नाही, त्यात दहा मिनिटं सहज जातात. छोटा यूपीएस असेल तर नुसता प्रोजेक्टर त्यावर लावा.

लोक येतात कसे

पत्रकं चिकटवून फार कमी लोक येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुंदर पोस्टरनेही नाही. येतात ते कुणीतरी नाव घेऊन बोलावल्यावर. गणपती मंडळाचे कार्यकर्ते, बचतगटाच्या ताई, सकाळी टेकडीवर भेटणारा गट, शाळेतले एक-दोन शिक्षक, विरंगुळा केंद्रातले काका अशा सात-आठ जणांना आठवडाभर आधी प्रत्यक्ष भेटा आणि प्रत्येकाला पाच जणांना आणायला सांगा. विषय कचऱ्याचा असेल तर आपल्या भागातल्या कचरावेचक ताईंना त्यांची वेळ विचारून मग कार्यक्रमाची वेळ ठरवा. त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, रात्री उशिरा त्या थांबू शकणार नाहीत.

निरोप लहान ठेवा आणि संपण्याची वेळ लिहा: ‘शनिवार, सायं. ६.४५, समाजमंदिर. आपल्या ओढ्यावर बोलायचं आहे. आधी ३२ मिनिटांची फिल्म, मराठीत. ८.३० ला संपेल. येताना घरून पेला आणा.’ संपण्याची वेळ दिसली की स्वयंपाक उरकायचा असलेल्या बायकाही येतात.

पाण्याला वीस लिटरचे दोन जार आणि मांडववाल्याचे स्टीलचे पेले. चहा ऐंशी माणसांना सात-आठ लिटर, आणि तो चर्चेच्या आधी द्या. शेवटी ठेवलात तर चर्चा चालू असताना निम्मे डोळे किटलीकडे असतात.

फिल्म संपल्यावरची पंचेचाळीस मिनिटं

दिवे एकदम भगभगीत लावू नका, अर्धे लावा. आणि ‘कशी वाटली फिल्म?’ हा प्रश्न विचारू नका. त्यावर ‘छान होती’ एवढंच येतं. शेजारच्याशी दोन मिनिटं बोला असं सांगा आणि नेमकं विचारा: यातलं कोणतं दृश्य तुम्ही आपल्या भागात पाहिलंय? माइकवर कधीच न बोलणारी माणसं शेजारच्याशी बोलतात, आणि मग त्यातलंच वाक्य घेऊन हात वर करतात.

पाहुणे जास्तीत जास्त तीन. एक प्रश्नाशी रोज झुंजणारं माणूस, एक विषयाचं तांत्रिक ज्ञान असलेलं, एक पालिकेतलं: आरोग्य निरीक्षक किंवा ड्रेनेज विभागाचे अभियंता. प्रत्येकाला पाच मिनिटं. व्यासपीठ नको, सगळ्यांच्या खुर्च्या प्रेक्षकांच्याच पातळीवर. अधिकाऱ्यांना आधीच सांगा की ही जाहीर झाडाझडती नाही, आणि तसं वळण लागू देऊ नका. ज्या अधिकाऱ्याला एकदा भर सभेत घेरलं तो पुन्हा येत नाही, आणि काम तर त्याच्याकडूनच करून घ्यायचं असतं. नदीकाठ सुधारणा किंवा बालभारती–पौड फाटा रस्ता असा वादाचा विषय असेल तर दोन्ही बाजूंना बोलू द्या.

पाण्यावर फिल्म असेल तर आकडे स्थानिक करा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी पाणी साठतं, आणि त्यातूनच शहर व शेती दोघांना वाटा मिळतो. यावर बोलणं सुरू झालं की फिल्ममधलं दुसऱ्या राज्यातलं धरण आपोआप जवळचं होतं. पुरावर फिल्म असेल तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाचं पाणी पाहिलेली माणसं अजून पेठांत आहेत. त्यांना आधी भेटून, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं तेवढंच सांगायला बोलवा.

एक गोष्ट मात्र जरूर करा. आपल्या प्रभागाचा नकाशा मोठा छापून टेबलावर पसरा, शेजारी कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं ठेवा. लाल टिकली म्हणजे सांडपाणी थेट ओढ्यात येतं ती जागा, काळी म्हणजे राडारोडा टाकला जातो ती, हिरवी म्हणजे झरा किंवा जुनी विहीर. चहाचा पेला हातात घेऊन लोक नकाशाभोवती जमतात, ‘अहो, पूल इथे नाही, तिकडे’ अशी दुरुस्ती सुरू होते, आणि अर्ध्या तासात तयार होणारा नकाशा कुठल्याही कार्यालयात आयता मिळत नाही. त्याचा लगेच फोटो काढा, टिकल्या घरी जाईपर्यंत गळतात.

त्यातली एकच जागा निवडून त्याच रात्री पत्राचा मसुदा करा: ठिकाण, फोटो, फोटोची तारीख, मागणी एक. सह्या तिथेच घ्या. पत्र क्षेत्रीय कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यायला विसरू नका, पोच नसलेलं पत्र दिलं काय न दिलं काय सारखंच. महिन्याभरात काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्रात शब्दमर्यादा १५०, उत्तराची मुदत ३० दिवस.

आवरताना

केबली गुंडाळण्याआधी प्रत्येकीला कागदी पट्टी लावून ‘चालते’ किंवा ‘सैल आहे’ असं लिहा, पुढच्या वेळी शोधाशोध वाचते. सतरंज्या झटकून, मोजून परत. ओला-सुका कचरा वेगळा करून वजन करा आणि तो कुणाला दिला ते ग्रुपवर लिहा. दिग्दर्शकाला दोन दिवसांत पत्र पाठवा: किती लोक आले, कोणत्या प्रसंगावर जास्त बोललं गेलं, कोणता आकडा लोकांनी दुरुस्त केला. करारात ठरलं असेल तर फाइल पुसून तसं कळवा. पत्राला क्षेत्रीय कार्यालयातून उत्तर आलं की त्याचा फोटो, जसा असेल तसा, सह्या करणाऱ्या सगळ्यांना पाठवा, आणि पुढच्या खेळाची तारीख त्याच निरोपात द्या.